न खाल्लेल्या भाजीचं व्रत

मी भाजी खात नाही. पालेभाजी नाही, फळभाजी नाही, शेंगाही नाहीत. वांगं खात नाही म्हटलं तर लोक समजून घेतात, कारलं म्हटलं तर हसून सोडून देतात, पण बटाटाही खात नाही म्हटलं की माणसं माझ्याकडं जरा निरखून बघतात. लहानपणी आईनं रागावून पाहिलं, एक दिवस उपाशी ठेवून पाहिलं, गुळाचा खडा दाखवून पाहिलं. भाजीचा घास तोंडात गेला की घशाशी जाऊन थांबतो आणि आलेल्या वाटेनं परत येतो. यात माझा काही विचार नाही, तत्त्व तर मुळीच नाही. शेवटी आई कंटाळली आणि तिनं दही वाढलं.

पुढं मी विज्ञानाचा मास्तर झालो, ही त्यातली गंमत. ढोकीला, मग येरमाळ्याला, पुन्हा ढोकीला, अशी सगळी नोकरी समतोल आहार शिकवण्यात गेली. फळ्यावर मोठं ताट काढायचं, त्याचे भाग पाडायचे, एका भागात हिरव्या खडूनं पालक, दुधी आणि गाजर काढायचं. गाजराचा रंग चुकायचा, पण मुलं समजून घ्यायची. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की त्यात भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी आणि मोड आलेली मटकी. सोबतचे शिक्षक छेडायचे. मी त्यांना सांगायचो, म्हैस दिवसभर हिरवं खाते आणि मी म्हशीचं दूध पितो, म्हणजे भाजी माझ्यापर्यंत पोहोचतेच, फक्त मी ती म्हशीकडून चावून घेतो. हे उत्तर मला फार आवडायचं. आजारी म्हणून एक दिवसही मी रजा टाकली नाही, आणि ते मी बोलून दाखवायचो. भाजीशिवाय माणूस ठणठणीत राहू शकतो याचा पुरावा म्हणून मी स्वतःलाच उभा करायचो.

निवृत्त झाल्यावर आम्ही मुरुमला आलो. हे बायकोचं माहेर. माहेरचं तसं कुणी उरलं नव्हतं, पण तिला इथलीच माती हवी होती. दोन खोल्या बांधल्या, मागं पेरू आणि लिंबू लावलं. पलीकडं एका भिंतीच्या अंतरावर शेतकऱ्याचं घर. मी त्याला भाऊ म्हणतो आणि त्याच्या बायकोला वहिनी. वहिनी माझ्या बायकोपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. ती तिला अक्का म्हणायची. आठ दिवसांत दोघींचं असं जुळलं की मला वाटायचं, या लहानपणापासूनच्या मैत्रिणी असाव्यात आणि मलाच सांगायचं राहिलं असावं.

या जुळण्याचं साधन म्हणजे वाटी. आमच्याकडं शेजार असतो तो वाटीवर. त्यांच्याकडं काही बरं झालं की भिंतीवरून वाटी इकडं येते, आणि ती रिकामी परत द्यायची नसते. इकडचं काही घालून ती परत जाते. मग तिकडून पुन्हा. एकच वाटी अशी वर्षभर फिरत राहते, आणि ती नक्की कुणाच्या घरची हे दोन्ही घरं विसरतात. वाटीत काय असतं, तर भाजी. दुसरं काय असणार? वरण कुणी भिंतीवरून देत नाही.

वहिनी विचारायची, "अक्का, सरांना आवडली का वो?"

बायको म्हणायची, "लई आवडली. पुसून खाल्ली वाटी."

वाटी तिनं खाल्लेली असायची. सगळी, माझ्या वाट्याचीही. भाजीवर तिचा जीव होता, त्यात मेथीवर जास्त. कोवळी मेथी कच्चीच चिरून, वर शेंगदाण्याचं कूट आणि तेल घालून घोळाणा करायची आणि नुसत्या भाकरीबरोबर अर्धी जुडी संपवायची. मला मात्र सांगून ठेवलं होतं, "विज्ञानाचे सर भाजी खात नाहीत हे इथं कुणाला सांगू नका. मला लाज वाटते." मी सांगितलं नाही. मला त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं.

अडीच वर्षांपूर्वी ज्येष्ठात एका दुपारी ती कपडे वाळत घालून आत आली, खुर्चीत बसली, पाणी द्या म्हणाली, आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत गेली. याच्यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

तेराव्याच्या जेवणाला पंगत बसली. वहिनी वाढत होती. भाजीचं पातेलं घेऊन ती माझ्यापुढं आली तेव्हा मी ताटावर आडवा हात धरला. आजवर चारचौघांत जेवायची वेळ आली की ताटातली भाजी बायको गुपचूप ओढून घ्यायची. आता ते व्हायचं नव्हतं. मग एकदाच सांगून मोकळं व्हावं, असा रोकडा विचार माझ्या डोक्यात आला. मी म्हणालो, "भाजी नको वहिनी. इथून पुढं कधीच नको."

शेजारी बसलेल्या एका म्हातारबाबांनी विचारलं, "सोडली का सर?"

आमच्याकडं जवळचं माणूस गेलं की मागं राहिलेला कुणी तरी गेलेल्याच्या आवडीचं काही सोडतो. कुणी जिलेबी सोडतं, कुणी आंबा, कुणी पान. जन्मभरासाठी सोडतात आणि लोकही ते पाळू देतात. अशा माणसाला आग्रह करत नाहीत, चेष्टाही करत नाहीत. बाबांनी तेच विचारलं होतं. मला कळलंही होतं. पण नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि त्या दिवशी माझ्यात बोलायचं बळ नव्हतं. मी मान हलवली. वहिनीनं पातेलं खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. पंगतीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुजबुज गेली, की सरांनी बाईंच्या नावानं भाजी सोडली. समदी भाजी. एखादी नाही, समदी.

आयुष्यात पहिल्यांदा भाजी न खाण्याबद्दल माझा मान वाढला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बायकोसाठी मी काही तरी केलं असं गावाला वाटत होतं, आणि दोन-चार दिवस मलाही तसं वाटून गेलं.

मग वाटी थांबली. मला ते पंधरा दिवसांनी लक्षात आलं. भाजी सोडलेल्या माणसाच्या घरी भाजीची वाटी पाठवायची कशी? ते त्याचं व्रत मोडायला निघाल्यासारखं झालं असतं. वहिनीनं बिचारीनं मनापासून पाळलं. सणाला गोड यायचं, पण सण वर्षाला किती? आणि वाटी थांबली की तिच्याबरोबर येणारं सगळं थांबतं. भिंतीपाशी उभं राहून होणारी दोन मिनिटांची बोलणी, आज पाऊस पडंल का, तुमचं दूध नासलं का, अमक्याच्या घरी पाळणा हलला का. त्यातलं काहीच माझ्याशी होत नव्हतं, बायकोशी व्हायचं. मी आत पेपर वाचत ऐकायचो आणि बायकांना किती बोलायला लागतं म्हणून मनातल्या मनात नाक मुरडायचो. आता भिंतीपलीकडून फोडणीचा वास यायचा. मी त्या वासाच्या वेळेला आपलं जेवण घेऊन बसायचो, म्हणजे निदान एकाच वेळी जेवल्यासारखं व्हावं.

जेवण म्हणजे बाजारातली कडक भाकरी. आमच्या भागात ती पापडासारखी वाळलेली मिळते, महिनाभर टिकते आणि एकट्या माणसाला बरी पडते. ती ताकात कुस्करायची, वर विकतची चटणी. सकाळी चहा आणि खारी, दुपारी भाकरी, संध्याकाळी पुन्हा चहा आणि वाटलं तर भाकरी. मुलगी पुण्याहून फोन करायची.

"अण्णा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"भाकरी."

"भाकरीबरोबर?"

"अगं, ताक होतं, चटणी होती."

ती जरा थांबायची आणि म्हणायची, "बरं." बाप भाजी खात नाही हे तिला जन्मापासून माहीत, त्यामुळं तिलाही यात नवीन काही दिसत नव्हतं.

दीड वर्ष असं गेलं आणि प्रकृती कुरकुरायला लागली. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. पायऱ्या चढून गच्चीवर गेलो की दम लागायचा. पोटाचं तर विचारूच नका. मी आजारी पडत नाही ही माझी एवढ्या वर्षांची मिजास, त्यामुळं दोन महिने मी कानाडोळा केला. मग एक दिवस बँकेत रांगेत उभा असताना डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि लोकांनी मला उचलून शेजारच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रक्त तपासलं, जीभ बघितली, हिरड्या बघितल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही खाता काय?"

मी सांगितलं. वर माझी म्हशीची गोष्टही सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"भाजी आयुष्यात कधीच खाल्ली नाही?"

"कधीच नाही. आणि सगळी नोकरी ठणठणीत केली. म्हणजे भाजीवाचून अडत नाही, असंच ना?"

"तेव्हा काय खायचात ते सांगा. सकाळपासून."

मी सांगायला लागलो आणि त्या लिहीत गेल्या. सकाळी भिजवलेले शेंगदाणे. नाश्त्याला मोडाची मटकी, वर लिंबू. दुपारी भाकरी, तुरीचं घट्ट वरण, त्यावर पुन्हा लिंबू. दही. चटणी दर दोन दिवसांनी बदलायची. कधी जवसाची, कधी कारळाची, कधी कढीपत्त्याची, कधी तिळाची. चटणी म्हणजे भाजी नव्हे, त्यामुळं तिला माझी हरकत नव्हती. चार वाजता पेरू, नाहीतर पपई, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, हिवाळ्यात बोरं. रात्री हुलग्याचं माडगं किंवा मुगाची खिचडी. रविवारी अंडी.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला काय होणार होतं? भाजीतून जे मिळतं, ते जवळजवळ सगळं दुसरीकडून येत होतं. असं जमतं. थोड्या लोकांना जमतं, कारण भाजी खाण्यापेक्षा हे जास्त कष्टाचं आहे. रोज डोकं चालवावं लागतं. हे ठरवायचं कोण?"

"ठरवायचं असं कुणी नाही," मी म्हणालो. "ताटात यायचं."

आणि मी बोलता बोलता थांबलो.

मला एकदम ढोकीची एक संध्याकाळ आठवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी सहामाहीचे पेपर तपासत होतो आणि ती दारात उभी राहून विचारत होती, "मेथीत जे असतं ते अजून कशाकशात असतं?" मी मान वर न करता, वर्गात सांगावं तसं घडाघडा सांगितलं होतं. अमुक डाळीत असतं, तमुक लिंबात असतं, पेरूत तर भरपूर, मोड आणले की वाढतं. "आणि पोट साफ राहायला?" कोंडा काढू नये, सालीसकट डाळी, फळं. तिनं ऐकलं आणि आत गेली. का विचारलंस, एवढंही मी विचारलं नाही. पोरगी सातवी शिकलेली, तिला विज्ञानात रस वाटतोय याचं मला जरा कौतुक वाटलं, बस्स.

तिनं माझ्या घशात भाजी कोंबली नाही. वरणात लपवूनही घातली नाही, कारण मला कळलं असतं आणि मी ताट सरकवलं असतं. तिनं माझाच धडा घेतला आणि भाजीला वळसा घालून मला सांभाळलं. मी मात्र गावोगाव सांगत फिरलो की ही माझी प्रकृती. डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या स्टुलावर बसून मला रडू आलं. त्यांना वाटलं मी आजाराला घाबरलो. त्या म्हणाल्या, "काका, काही गंभीर नाही हो. एक तर ती जुनी यादी पुन्हा सुरू करा, नाहीतर सरळ भाजी खायला शिका. भाजी सोपी पडेल."

सोपी पडेल म्हणून मी आठवडी बाजारात गेलो. मेथीची जुडी हातात घेतली. भाजीवाली आमच्याच गल्लीतली. ती माझ्याकडं बघतच राहिली. "सर, तुमी? भाजी?"

मी म्हणालो, "गाईला."

मग तिनं आपणहून उरलेला पाला वर टाकला आणि समोरच उभी असलेली गाय दाखवली. सगळ्यांच्या देखत मी ती मेथी गाईला चारली, गाईनं मान हलवली, आणि दोन बायकांनी तिला हात लावून नमस्कार केला. बायकोच्या आवडीची मेथी सर गाईला चारतात, ही बातमी माझ्या आधी घरी पोहोचली असणार. माझ्या पुण्यात भरच पडली.

तेव्हा मी जुनी यादी धरली. मटकी भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड येईपर्यंत वाट बघायची. पहिल्यांदा आंबूस वास आला, दुसऱ्यांदा चिकट झाली, तिसऱ्यांदा जमली. वरण शिजवायला शिकलो. मागच्या झाडाचे पेरू आजवर पक्षी खात होते, ते काढायला लागलो. लिंबं तर झाडाखाली सडत होती. तीन महिन्यांत हिरड्या बऱ्या झाल्या, दम कमी झाला. डॉक्टरीणबाई रक्ताचा कागद बघून खूश झाल्या. म्हणजे माझं म्हणणं खरंच होतं, भाजीवाचून नीट जगता येतं. हे मी कुणाला तरी ऐकवावं म्हणून घरी आलो आणि दोन्ही खोल्यांत कुणी नव्हतं.

माझं शरीर बरं झालं होतं आणि मी तसाच होतो. पेरू कापून ताटलीत घेतला की समोर कुणी नसायचं. भिंतीपलीकडं पातेल्यावर उलथणं वाजायचं. भाजी मला नकोच होती, आजही नको आहे. मला वाटी हवी होती. ती कुणी तरी भिंतीवर ठेवावी, "सर, घ्या वो" म्हणावं, आणि ती परत देताना मी काही तरी बोलावं. भाजी चोरून खाता आली असती, उमरग्याहून गुपचूप आणता आली असती. वाटी चोरून आणता येत नाही. त्यासाठी वहिनीला सांगावं लागणार होतं की मी काही सोडलेलं नाही. आणि तसं सांगितलं की गावात जो एक मान होता तो जाणार होता, आणि बायकोसाठी मी केलेली म्हणून जी एकच गोष्ट लोकांना माहीत होती, तीही जाणार होती. दोनदा भिंतीपर्यंत जाऊन मी परत आलो.

मग येळवस आली.

मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गाव गावात नसतं. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळे शेतात. रानात कडब्याची कोप करतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, मडक्यातलं आंबील शिंपत पिकाला फेरी घालतात आणि मग जेवायला बसतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतो. आणि या जेवणातलं मुख्य म्हणजे भज्जी. रानात त्या दिवसांत जे जे हिरवं असतं ते सगळं तिच्यात. हरभऱ्याचा पाला, मेथी, चाकवत, तुरीचे दाणे, वाल, गाजर, वांगं, सगळं एका पातेल्यात चिंच आणि बेसन लावून शिजवतात. भाजी न खाणाऱ्या माणसाला सगळ्या वर्षाचे शत्रू एकाच ठिकाणी भेटावेत, असा तो पदार्थ.

बायको गेल्यावरच्या दोन येळवशींना भाऊंनी मला नेलं होतं. पण व्रताच्या माणसाला भज्जीचा शिंतोडा लागू नये म्हणून मला वेगळं बसवायचे. सगळे कोपीपुढं गोल करून बसायचे आणि मला पलीकडं बाभळीखाली घोंगडी. वहिनी माझ्यासाठी खीर, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे आणि आंबील आधीच बाजूला काढून ठेवायची. लांबून हसणं ऐकू यायचं. आपण कशाला हसलो हे कुणी मला ओरडून सांगायचं, पण तोवर ते हसण्यासारखं राहिलेलं नसायचं.

या वर्षीही तसंच. घोंगडी, बाभळ, खीर. भाऊंकडं त्यांचे व्याही आले होते, पांढऱ्या मिशांचे, उंच. जेवायला बसायच्या आधी भाऊ त्यांना माझ्याकडं हात करून काही तरी सांगत होते. ते गृहस्थ उठले, चालत माझ्याकडं आले, टोपी काढली आणि मी अरे-अरे करेपर्यंत वाकून माझ्या पायाला हात लावला.

"बायकोसाठी येवढं कोण करतंय वो सर," ते म्हणाले. "आमी तर जित्तेपणी बी काही केलं न्हाय." त्यांचे डोळे भरले होते.

ते परत गेले. माझ्या हातातला उंडा हातातच राहिला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथून उठून पायी मुरुम गाठावं असं वाटलं. आणि खरंच उठलो. पण वाट कोपीवरूनच जात होती. सगळे माझ्याकडं बघत होते. वहिनी पातेल्यात पळी घालून उभी होती.

मी म्हणालो, "वहिनी, मला भज्जी वाढा."

तिनं पळी मागं घेतली. "न्हाय सर. तसलं बोलू नगा. अक्काच्या नावानं सोडलंय, आमच्या हातनं न्हाय मोडायचं."

"मी काही सोडलेलं नाही."

भाऊंनी हातातला आंबिलाचा पेला खाली ठेवला.

"मी जन्मात भाजी खाल्लेली नाही," मी म्हणालो. "तुमच्या वाट्या सगळ्या तिनं खाल्ल्या. तेराव्याला बाबांनी विचारलं, सोडली का, तर मी मान हलवली. व्रत-बित काही नाही. तिच्यासाठी मी काहीच सोडलं नाही वहिनी. मला तुमच्यात बसायचंय."

भाऊंना हसू आवरलं नाही. "म्हंजी सर, आमी दोन येळवशी तुमास्नी उगंच त्या बाभळीखाली बसवलं?"

"व्हय," मी म्हणालो. मग सगळेच हसले. व्याहीही हसले, मिशांवरून हात फिरवत, जरा ओशाळून. माझा मान गेला तो असा, फार वेळ लागला नाही. कुणी तरी सरकून मला जागा केली.

वहिनी हसली नव्हती.

"आन् अक्का म्हनायच्या, सरांना लई आवडली, ते?"

"खोटं. तुम्ही वाटी बंद करू नये म्हणून."

ती पातेल्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्या मेथी सोडली."

मला कळलं नाही.

"तेराव्याच्या दिशीच. तुमच्याकडं बगून. म्हटलं सरांनी समदी भाजी सोडली, म्या येक मेथी तरी सोडावी. अक्काला लई आवडायची. माझ्यासंगं बसून घोळाणा खायच्या." भज्जीच्या पातेल्यात तिनं पळी हलवली. "हिच्यात बी मेथी असती. मग हीबी ऱ्हायली."

भाऊ हसायचे थांबले. त्यांनाही हे माहीत नसावं. बायका वाढून झाल्यावर मागून जेवतात, त्यांच्या ताटात काय आहे हे कुणी बघत नाही.

मी म्हणालो, "वहिनी, मग आता तुम्हीही मोडा. माझं बघून सोडली ना? माझंच खोटं होतं."

"तुमचं खोटं आसंल, सर," ती म्हणाली. "माझं न्हाय."

तिनं माझ्या ताटात भज्जी वाढली, दोन पळ्या. मी खाल्ली. पहिला घास घशाशी थांबला आणि डोळ्यांत पाणी आलं. आंबील पिऊन तो खाली ढकलला, मग दुसरा. मला ती आवडली नाही. वहिनीनं सगळ्यांचं वाढून झाल्यावर एक उंडा आणि पेलाभर आंबील घेतलं आणि बाभळीखालच्या घोंगडीवर एकटीच जाऊन बसली. मी माझं ताट उचललं आणि तिकडं गेलो. ती जरा सरकली. या गावात बायकोच्या माघारी एकटा मीच उरलोय, असं मी अडीच वर्षं धरून चाललो होतो.